बोलावल्याशिवाय

१४ ऑक्टोबर, लोहारा (यवतमाळ)

ही डायरी मंदारने दिली. म्हणाला, "बादल, तू आजकाल सगळं विसरून राहिला. लिहून ठेवत जा बाबा." मंदार कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता मालक आहे. म्हणजे रागावायचं असलं की मालक आणि चहा प्यायचा असला की मित्र. औद्योगिक वसाहतीत डाळमिलच्या मागे आमची चार माणसांची कंपनी आहे. दिवसभर तुरीचा कोंडा नाकात जातो.

तर कामाची नोंद. बाभुळगाव आणि केळापूरकडच्या कपाशीत आमच्या डब्या लावलेल्या आहेत, प्रत्येक डबी एका कामगंध सापळ्याला जोडलेली. सापळ्यात मादीचा वास लावलेला असतो, त्यावर बोंडअळीचे नर पतंग येतात आणि अडकतात. मादी तिथे नसतेच. डबी पतंग मोजते. नेटवर्क धड नाही आणि बॅटरी लहान, म्हणून सगळ्या डब्यांनी सतत बोलून चालत नाही. त्याऐवजी छोटे छोटे प्रोग्रॅम एका डबीतून दुसरीत उड्या मारत फिरतात, आकडे गोळा करतात, आमच्याकडे आणतात. त्यांना एजंट म्हणतात. त्यांनी कुणाकडे ओढलं जायचं आणि कुणापासून लांब राहायचं, हे ठरवणं माझं काम. ओढ जास्त झाली तर सगळे एकाच डबीवर तुटून पडतात आणि तिची बॅटरी संपते. दुरावा जास्त झाला तर कुणी कुठे जातच नाही. मधलं माप सापडत नाहीये.

याडीला, म्हणजे आईला, हे सांगितलं. तिने विचारलं, "एजंट म्हणजे विम्यावाला काय रे?" मी हो म्हणालो. समजावत बसायचं जिवावर आलं.

घरी सध्या मी आणि याडीच. माझी बायको रंजिता केळापूरजवळ तिच्या वडिलांच्या, बापूंच्या तांड्यावर आहे. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेली होती. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, कमी दिवसांची. नवव्या दिवशी गेली. मी दोन दिवस राहून परत आलो, कामं खोळंबली होती.

कामाच्या नोंदीत हे कशाला लिहिलं ठाऊक नाही. खोडत नाही, पान खराब दिसतं.

१८ ऑक्टोबर

आज स्क्रीनवर चालवून पाहिलं. स्क्रीनवर डब्या म्हणजे चौकोन आणि एजंट म्हणजे ठिपके. पतंग वाढलेला एक चौकोन दिसला की सगळे ठिपके लग्नाच्या पंगतीसारखे तिकडे धावले. पाच मिनिटांत चौकोन काळा पडला.

मंदार म्हणाला, "यांना थोडी शिस्त लाव बे."

जेवणात याडीने आंबाडीची भाजी केली होती असं ती म्हणाली. मी जेवलो तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर

रंजिताचा फोन. आमचं घरातलं बोलणं आमच्या बोलीतलं असतं, पण मला लिहिता येते ती मराठी, म्हणून मराठीत लिहितो.

"जेवले काय?"

"हो."

"याडीचे गुडघे कसे हायेत?"

"आहेत तसेच."

मग म्हणाली, "बापू म्हणून राह्यले, सासरहून कोणी न्यायले आलं त पाठवतो म्हणून."

मी बरं म्हणालो आणि याडीला सांगितलं. याडी जात्यावर बसल्यासारखी एकाच जागी डोलत राहिली. मग म्हणाली, "तसं कसं जाता येईन? आधी त्याइनं बोलावलं पायजे. बाळ-बाळंतीण आणाले आपण वाजत गाजत जातो, ते निरोप धाडतात तवा जातो. आता बाळच नाही. निरोपाबिगर गेलं त म्हणतीन, कोणतं तोंड घेऊन आले?"

म्हणजे ते म्हणतात, आधी या. आपण म्हणतो, आधी बोलवा. याडीचं म्हणणं बरोबर आहे. मामाजींचं, म्हणजे रंजिताच्या बापूंचंही चूक नाही. बाळ घेऊन येणाऱ्या बाईला आणायची रीत सगळ्यांना पाठ आहे. रिकाम्या हाताने येणाऱ्या बाईला आणायची रीत आमच्यात कुणाला माहीत नाही. मी दोघांच्याही मधे पडत नाही. घरच्या गोष्टी मोठ्यांनी ठरवाव्यात.

२५ ऑक्टोबर

शिस्त लावली. दोन नियम लिहिले.

पहिला: डबीने हाक दिल्याशिवाय एजंटाने तिच्याकडे जायचं नाही. याने गर्दी थांबते.

दुसरा: जवळ कुणी आल्याशिवाय डबीने हाक द्यायची नाही. याने बॅटरी वाचते.

दोन्ही नियम तपासले. दोन्ही चोख आहेत. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं. वाटलं म्हणजे, वाटायला हवं होतं असं वाटलं.

१ नोव्हेंबर, बाभुळगावजवळ, आमचा तांडा

दिवाळीला याडीला घेऊन गावी आलो. संध्याकाळी तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागायला निघाल्या. आमच्या दारात आल्या, गाणं म्हटलं. मागच्या वर्षी रंजिता माझ्या शेजारी उभी राहून हसत होती, तिला त्यातल्या एका पोरीचा झगा फार आवडला होता. या वर्षी मी पोरींना ओवाळणी घातली. दिवे होते, गाणं होतं, सगळं जिथल्या तिथे होतं. आत काही हललं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, तसं.

रंजिताचा फोन आला. मागे तिकडच्याही पोरींचं गाणं ऐकू येत होतं.

ती म्हणाली, "इकडं पोट्ट्या मेरा मागून राह्यल्या. तुमी आले असते त..."

आणि फोन बंद झाला. त्या बाजूला नेटवर्क नाहीच. आमच्या दोन डब्याही तिथे सारख्या तुटतात.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. दिवाळीला जावयाला बोलावणं येतं. आलं नाही. याडी दिवसभर दाराकडे पाहत होती आणि मी पाहिलं की भांडी घासायला लागायची. संध्याकाळी म्हणाली, "पाह्य, म्हणलं होतं ना म्या." जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

८ नोव्हेंबर, लोहारा

दोन्ही नियमांसह चालवलं. सुरुवातीला ठिपके फिरले, मग पांगले, मग थांबले. दुपारपर्यंत एकही हलला नाही. बॅटरीचा खर्च आजवरचा सर्वांत कमी. मी बराच वेळ बघत बसलो. चौकोन शांत, ठिपके शांत, कुणाची कुणाला धडक नाही. बघायला बरं वाटत होतं. मंदारला हाक मारून दाखवलं.

तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. "मस्त. भांडण नाही, गर्दी नाही. पण आकडे कुठं हायेत?"

"येतील."

"कसे येतील? डबी म्हणते तू आधी ये. एजंट म्हणतो तू आधी बोलाव. दोघं बसले लखनौच्या नवाबासारखे, पहले आप, पहले आप. गाडी गेली ना निघून! शेतात पतंग वाढून राहिले आणि हे मान-पानात."

मी म्हणालो, दोन्ही नियम वेगवेगळे तपासले तर बरोबर आहेत.

"वेगवेगळे तपासायला ते वेगवेगळे राहतात काय बे?" मंदार म्हणाला. मग एकदम आवाज खाली आणून, "रंजितावहिनी कधी येणार?"

मी सांगितलं, बोलणं चालू आहे. विषय कसा बदलला ते कळलं नाही. मंदारचं लक्ष एका जागी राहत नाही, कॉलेजातही असंच होतं.

१२ नोव्हेंबर

रंजिताचा फोन. म्हणाली, "बाजाराच्या दिवशी बापू सकाळीच पांढरकवड्याले जातात. माही याडी पण जाते त्याइच्यासंग. दिवसभर घरी मी एकलीच राहतो."

मी विचारलं, बाजारात कापसाला काय भाव चालू आहे.

ती म्हणाली, "मले काय मालूम." मग म्हणाली, "यवतमाळहून दुपारची बस आता तांड्याच्या फाट्यावर थांबते. पहिले थांबत नव्हती."

मी म्हणालो, बरं झालं, लोकांची सोय झाली.

तिने फोन ठेवला. रागावल्यासारखी वाटली. बसबद्दल माझं काय चुकलं?

१९ नोव्हेंबर

गावाकडचे सेवादास काका आले होते, याडीचे चुलतभाऊ. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, केळापूरकडे गेलतो, रंजिताचा बाप फुलसिंग भेटला होता. त्याने तिथल्या नायकाला, तांड्याच्या प्रमुखाला सांगून ठेवलं आहे, पौष लागायच्या आत सासरचं कोणी आलं नाही तर पंच बसवू. पोरीला अशी अधांतरी किती दिवस ठेवायची?

पंच बसले की बोलणं न्यायचं-आणायचं राहत नाही, मोकळं करायचं, काडीमोडाचं होतं. हे याडीलाही माहीत आहे, मलाही.

काका गेल्यावर याडी माझ्यावर ओरडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "तू काहून काही बोलत नाही? बायको तुही हाय का माही?"

मी म्हणालो, "तूच म्हणाली बोलावल्याशिवाय जायचं नाही."

"म्या म्हणलं! म्या त लय काही म्हणतो. बह्याडा, सगळं ऐकाचं असते काय?"

भीती वाटायला हवी होती. रंजिता परत न येणं म्हणजे काय, ते मी डोक्यात मांडून पाहिलं. तिची साडी दोरीवर नसेल. सकाळी चहात आलं नसेल. मांडता आलं, पण भीती आली नाही. तसं तर आत्ताही दोरीवर साडी नाही.

२६ नोव्हेंबर

मंदारने युक्ती सांगितली. एजंटांना थोडा वेडेपणा द्यायचा. अधूनमधून एखाद्याने हाक आलेली नसताना, कारण नसताना, उगाच एखाद्या डबीकडे जायचं. "बिनबुलाये मेहमान बनव साल्यांना. दहा वेळा हात हलवत परत येतील, अकराव्या वेळी डबी बोलेल."

मी म्हणालो, यात बॅटरी वाया जाते, आणि ते नियमात बसत नाही.

"वाया जाऊ दे ना थोडी. बॅटरी कशाला असते मग?"

लिहून पाहिलं. पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यातला एक ठिपका निघाला, एका चौकोनाजवळ गेला, चौकोनाने हाक दिली. मग शेजारचा हलला. मग त्याच्या पलीकडचा. अर्ध्या तासात आकडे यायला लागले. मंदारने सगळ्यांना समोसे आणले. मी माझा खाल्ला.

असा उपाय पुस्तकातही आहे. मला आधी का सुचला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

२ डिसेंबर

रंजिताचा फोन नाही. मागच्या आठवड्यातही नव्हता. आधी दर दोन-तीन दिवसांनी यायचा. मी करू शकतो हे माहीत आहे. दोनदा नंबर काढला. काय बोलायचं ते ठरेना. जेवले का विचारायचं, तर ते ती विचारते.

याडी आज माझ्या ताटासमोर बसली आणि म्हणाली, "तुहा बाप मले आणाले तीनदा आलता. दोनदा माह्या बापानं माघारी धाडला." मग उठून गेली. याडीची सांगायची पद्धत अशीच, मधेच सुरू आणि मधेच बंद.

५ डिसेंबर

केळापूरकडची एक डबी बंद पडली. आठवडाभराने शेतकऱ्यांसमोर सगळं चालवून दाखवायचं आहे, त्यामुळे बॅटरी बदलून यावी लागेल. मंदार म्हणाला, मी पोराला पाठवतो. मी म्हणालो, मी जातो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली पुढे केली. मी बसने जातो म्हणालो. आता फाट्यावर थांबते.

६ डिसेंबर, केळापूरजवळ, फुलसिंग मामाजींचा तांडा

ओसरीवर बसून लिहितो आहे. डायरी बॅटरीसोबत पिशवीत आली होती. आजचं उद्यावर टाकलं तर मी ते नीट करून लिहीन, आणि मला नीट केलेलं नको आहे.

डबी फाट्यापासून उजवीकडे आहे. मी डावीकडे वळलो. ठरवून नाही. पाय गेले असंही नाही, पाय माझेच होते. आज बाजाराचा दिवस आहे हे घराच्या दाराशी आल्यावर आठवलं. दारातूनच परत फिरावं असंही मनात आलं, कारण बोलावलेलं नव्हतं आणि हातात काही नव्हतं. सासुरवाडीला येणाऱ्या जावयाच्या हातात निदान मिठाईचा पुडा असतो. माझ्या हातात बॅटरी होती.

रंजिता अंगणात कपडे वाळत घालत होती. वाळली आहे. तिने मला पाहिलं, हातातलं लुगडं पिळून दोरीवर टाकलं, काठ सारखे केले, मग आत जाऊन पाणी आणलं.

"कोणी बोलावलं तुमाले?"

"कोणी नाही."

"मंग?"

मी म्हणालो, इकडची एक बॅटरी बदलायची होती. म्हणालो आणि मलाच ऐकवलं नाही. मग म्हणालो, "तुझ्यासाठी आलो."

तिने मान हलवली. जेवण वाढलं. मी जेवत असताना समोर बसून ती बोलायला लागली, फोनवर बोलायची तशाच आवाजात. म्हणाली, पोरगी गेल्यावरही दूध येत राहिलं, कितीतरी दिवस. कुणी सांगितलं नाही काय करायचं. तिची याडी म्हणाली कोबीची पानं बांध, कुणी म्हणालं मोगऱ्याची फुलं बांध. रात्री लुगडं भिजायचं. सकाळी उठून लिंबाच्या बुडाशी पिळून टाकायची. "तुमाले फोन करत होती मी, हेच सांगाले. तुमी कापसाचा भाव इचारत होते."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ते नऊ दिवस संपले की सगळं संपलं.

जेवण झाल्यावर तिने मला आतल्या खोलीत नेलं. तिथे आढ्याला झोळी तशीच बांधलेली होती. जुन्या लुगड्याची, मऊ. मामाजींनी बांधली होती, पोरगी दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवशी. ती यात चार दिवस निजली. ऑगस्टपासून खोलीतली माणसं झोळीखालून वाकून जात होती.

मी विचारलं, "सोडली नाही?"

"बापू सोडाले निघाले होते. म्या हात लावू देला नाही. पोरगी दोघाइची होती. एकलीनं कशी सोडू? म्या म्हणलं, ते येतीन तवा सोडू."

म्हणजे इतके दिवस ती इथे याचसाठी थांबली होती. मला वाटलं होतं, ती माझ्यापासून लांब राहते आहे. मी तिला त्रास होऊ नये म्हणून लांब राहत होतो. मी असं खरंच समजत होतो.

मामाजींची गाठ म्हणजे बैलगाडीला बांधायची गाठ. मी खाटेवर उभा राहिलो, रंजिताने झोळीचं ओझं खालून धरलं. ओझं काहीच नव्हतं. एका बाजूची सुटली. दुसरी सुटेना, नखं दुखायला लागली, आणि तिथे खाटेवर उभा असतानाच मला रडू आलं. आधी वाटलं ठसका लागला. मग कळलं. मी खाली बसलो आणि मोठ्याने रडलो, तोंडावर हात न धरता. किती वेळ, ते नोंदवलेलं नाही. रंजिता रडली नाही. तिचं सगळं रडून झालं होतं, माझ्याशिवाय, इथे, याच खोलीत. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मला तिच्यापुढे माझीच लाज वाटली आणि तिचं फार प्रेम वाटलं. दोन्ही एकदम, दोन्ही दुखणारं. मग तिनेच खाटेवर चढून दुसरी गाठ सोडली.

झोळी तिने घडी करून ठेवली. कुठे ते मी पाहिलं, लिहीत नाही.

मी म्हणालो, "चल घरी."

"आज नाही. कपडे वले हायेत," ती म्हणाली. "आन बापूले इचारलं पायजे. ते काय म्हणतीन, मले नाही मालूम. नायकाले सांगून बसले हायेत ते."

मामाजी आणि सासूबाई दिवस कलताना बाजारातून आले. मामाजींनी मला ओसरीवर पाहिलं. मी उठून पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. आत गेले, आतल्या खोलीच्या दारात थांबले. वाकून जायच्या सवयीने मान खाली घातली होती, ती त्यांनी हळूच वर केली आणि रिकाम्या आढ्याकडे पाहत राहिले. पुन्हा बाहेर आले आणि अंगणात गेले. मला वाटलं, नायकाला बोलवायला निघाले. मला भीती वाटली. अगदी साधी भीती.

मग मी ही डायरी काढली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. रंजिता चुलीजवळ भाकरी थापते आहे, तिचाही हात मधेच थांबतो. आम्ही दोघं कान देऊन आहोत.

मामाजी कुंपणाशी उभे आहेत. पलीकडे शेजारचा देवीलाल गुरं बांधतो आहे. त्याने ओसरीवर मला पाहिलं असणार.

"फुलसिंग, जवाई आला काय रे? असा कसा आला मधातच? कोणी बोलावलं त्याले?"

मामाजी आमच्याकडे पाठ ठेवूनच, साऱ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्या बोलावलं."